सरहद्दीवरील शिक्षण, लेखांक सातवा : वास्तुकलेच्या महाविद्यालयात प्रवेश

बालाघाट जिल्ह्यातील लांजीच्या किल्ल्याची तटबंदी आणि कोटेश्वराचे प्राचीन शिवालय ज्यांच्या नित्य दृष्टीस पडते, अशा मुलामुलींपैकी एखाद्याच्या मनात वास्तुरचनेचे शास्त्र शिकण्याची आकांक्षा उत्पन्न व्हावी, यात नवल नाही. परंतु त्या आकांक्षेचे भवितव्य बारावीच्या निकालापूर्वी दोन वर्षे, अकरावीच्या अर्जावर विषय लिहितानाच पुष्कळसे ठरून गेलेले असते, ही गोष्ट आपल्याकडील पालकांच्या फार उशिरा ध्यानी येते.

सन 1972 च्या वास्तुविशारद कायद्यान्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद या शास्त्राच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी किमान पात्रता ठरवून देते. तिच्या अलीकडील नियमांप्रमाणे बारावीस गणित व भौतिकशास्त्र अनिवार्य असून, तिसरा विषय रसायन, जीवशास्त्र, संगणक, अभियांत्रिकी रेखाटन यांसारखा असला तरी चालतो, आणि एकूण गुण शेकडा 45 असावे लागतात. गणित घेऊन तीन वर्षांची पदविका उत्तीर्ण झालेल्यासही याच प्रमाणात गुण असल्यास हरकत नाही. मात्र गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यास, त्याचे गुण कितीही उत्तम असोत आणि हात कितीही सफाईदार असो, हा मार्ग बंद होतो.

गुणांच्या जोडीला ‘नाटा’ ही अभिवृत्ती-चाचणी आहे. 2024 पासूनच्या तिच्या रचनेत एकूण 200 गुणांपैकी 80 गुण कागदावर प्रत्यक्ष काढावयाच्या रेखाटनास व रचनेस, तर 120 गुण संगणकावरील प्रश्नांस आहेत. दुसरा मार्ग जेईई मेनच्या वास्तुकलेच्या प्रश्नपत्रिकेचा. तीत गणित, अभिवृत्ती आणि रेखाटन असे तीन भाग असतात. नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था आणि भोपाळची मौलाना आझाद संस्था, या दोन्ही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत वास्तुकलेचा प्रवेश याच परीक्षेतून होतो. परंतु येथे परिषदेचे 45 टक्के पुरत नाहीत : बारावीस शेकडा 75 गुण, अनुसूचित जाती-जमातींस 65, किंवा आपल्या परीक्षा मंडळातील वरच्या वीस शततमकांत स्थान, अशी अट असून रसायनशास्त्रही आवश्यक ठरते. परिषदेचे किमान तेवढे वाचून निश्चिंत झालेल्या कुटुंबाची फसगत होते ती येथेच, आणि तिचा दोष मी त्या कुटुंबास देणार नाही. दोन्ही अटी एकत्र मांडून सांगणारा माणूस तहसिलीच्या गावी सहसा भेटत नाही.

आता सरहद्दीचा प्रश्न. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेला हा मुलूख पुढे मध्यप्रांतात नागपूरशी एकाच कारभारात बांधलेला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. लांजीकरांची सोयरीक, बाजार आणि दवाखाना आजही आमगाव, गोंदिया, नागपूर या दिशेस आहेत. प्रवेशाचे दप्तर मात्र ही जवळीक जाणत नाही. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या उमेदवारांकरिता असतात आणि उमेदवाराचे राज्य त्याच्या घरावरून ठरत नसून, बारावीची परीक्षा तो प्रथम जेथील शाळेतून उत्तीर्ण झाला त्यावरून ठरते. म्हणजे लांजीच्या शाळेत बारावी झालेला मुलगा भोपाळच्या संस्थेत स्वराज्याचा आणि नागपुरात परराज्याचा. तोच आमगावच्या शाळेत शिकला, तर हिशेब नेमका उलट. महाराष्ट्र शासनाच्या स्वतःच्या प्रवेशफेरीत तेवढ्यानेही भागत नाही. तेथे दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा आणि रहिवासाचा किंवा जन्माचा दाखला पाहिला जातो. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांस महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशनियमांत जी सवलत आहे, तशी बालाघाटच्या मराठी मुलांस नाही, आणि ती असावी असे मला मनापासून वाटते.

भाषेच्या बाबतीतही हीच तऱ्हा. जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते खरी, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच. बालाघाटला परीक्षा देणाऱ्यास हिंदी, इंग्रजी किंवा उर्दू यांतून निवड करावी लागते. येथील बहुतेक मुले शाळेत हिंदीतूनच शिकत असल्याने त्यांचे यामुळे फारसे अडत नाही. ज्याची तयारी मराठीतून झाली असेल, त्याने अर्ज भरताना केंद्र महाराष्ट्रातील मागावे.

रेखाटनाच्या तयारीस शिकवणी लागतेच असे नाही. कोटेश्वराच्या मंदिराचा एक स्तंभ सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात, सावलीसकट, मोजमाप घेऊन काढीत राहिले, तरी प्रमाण आणि यथादर्शन यांची दृष्टी येऊ लागते. तथापि नववी-दहावीत मूल असलेल्या घराने आधी एवढे करावे : भोपाळ हवे की नागपूर, हे ठरवूनच अकरावीची शाळा निवडावी, आणि गणित, भौतिक व रसायन हे तिन्ही विषय अर्जावर लिहिले आहेत, याची सही करण्यापूर्वी खातरजमा करून घ्यावी.