उपचार संपले, आता आरोग्याची जपणूक

तंजावूर आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. येथील भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात धन्वंतरी महालात औषधोपचारांचे मोठे कार्य चाले. त्यांच्या नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. शेजारच्या पुदुकोट्टई येथे १८८६ साली जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने दगावली. त्या दुःखातून त्यांनी या रोगाविरुद्ध कार्य हाती घेतले आणि १९५४ साली मद्रासच्या अड्यार भागात कर्करोग रुग्णालय सुरू झाले.

त्या काळी रोग्याचे प्राण वाचविणे हाच मुख्य प्रश्न होता. आज रोग वेळीच लक्षात आल्यास अनेक स्त्रिया उपचारांनंतर दीर्घकाळ जगतात. म्हणूनच एक नवा प्रश्न समोर येतो : ही पुढील वर्षे निरोगी कशी राहतील?

विश्रांतीचा गैरसमज

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतील लसीकाग्रंथी काढाव्या लागतात. त्यामुळे त्या हाताला सूज येण्याचा संभव असतो. या भीतीपोटी ‘त्या हाताने काहीही उचलू नये’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात असे. घरची मंडळीही मायेने पाण्याची कळशी हातून काढून घेत. परिणामी हात आणखी दुर्बळ होई.

२००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अत्यंत हलक्या वजनापासून आरंभ करून, क्रमाक्रमाने वजने उचलण्यास शिकविले गेले. व्यायामाच्या वेळी त्या दाब देणारी बाही घालीत. वर्षअखेरीस त्यांची सूज इतरांपेक्षा वाढलेली आढळली नाही. उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातांत बळ आले.

व्यायाम कशासाठी?

काही कर्करोगविरोधी औषधांचा हृदयावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. संप्रेरकांना रोखणाऱ्या काही औषधांनी, तसेच अकाली पाळी थांबल्याने, हाडे ठिसूळ होतात. स्नायू झिजतात, वजन वाढते आणि थकवा महिनोन्‌महिने सरत नाही. केवळ पडून राहिल्याने हा थकवा जात नाही. बेताच्या हालचालीने मात्र तो उणावतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार, आठवड्यातून तीन वेळा तीस मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा स्नायूंना बळ देणारा व्यायाम केल्यास थकवा, चिंता व औदासीन्य यांत सुधारणा होते.

२०२५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांविषयी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनंतर शंभरात सुमारे नव्वद जण हयात होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे त्र्याऐंशी होते. हा निष्कर्ष सर्वच कर्करोगांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही; तथापि व्यायाम हा उपचारांचाच एक भाग मानावा, हे त्यातून स्पष्ट होते.

आरंभ कोठून करावा?

यासाठी महागड्या व्यायामशाळेची आवश्यकता नाही. ज्याच्या भिंतींवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, त्या बृहदीश्वर मंदिराचे प्रांगण सुमारे २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद आहे. कडेकडेने एक प्रदक्षिणा म्हणजे जवळजवळ सातशे मीटर. तीन प्रदक्षिणा मध्यम गतीने घातल्यास अर्ध्या तासाचा व्यायाम सहज घडतो. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, इतकी गती पुरेशी असते.

मात्र काही केमोथेरपी औषधांमुळे तळपायांची संवेदना मंदावते व तापलेल्या दगडांचा चटका लवकर जाणवत नाही. अशा स्त्रियांनी अनवाणी चालण्याऐवजी पादत्राणे घालून उद्यानात फिरावे, तेही पहाटे किंवा सायंकाळी. घरी पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हेच पहिले वजन ठरू शकते. प्रथम दहाच मिनिटे चालावे आणि दर आठवड्यास थोडी भर घालावी.

आरंभापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. रोग हाडांत पसरलेला असल्यास वजन उचलण्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शन आवश्यक आहे. छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ येणे, हाताला नवी सूज, लाली किंवा ताप जाणवल्यास व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना भेटावे.

कुटुंबीयांची जबाबदारीही मोठी आहे. ‘तू बसून राहा’ असे सांगण्यापेक्षा ‘चल, मी सोबत येतो’ असे म्हणणे अधिक हितकर होय. आवर्ती ठेवीत दरमहा भरलेली लहान रक्कम कालांतराने आधार देते. त्याचप्रमाणे रोज चाललेली थोडी पावले हाडांत, स्नायूंत आणि मनात साठत जातात. हे खाते उघडण्यास उशीर कधीच झालेला नसतो.