सेमिनरीत ‘ब्रदर’ काय शिकतात?

जरीपटक्यात ऑटोवाल्याला ‘सेमिनरी हिल्स’ म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. टेकडीला हे नाव जिच्यामुळे पडलं, ती सेंट चार्ल्स सेमिनरी आतून पाहिलेले नागपूरकर मात्र थोडेच. इथे कॅथलिक धर्मगुरू घडतात. सेमिनरीला ज्यांचं नाव आहे, ते चार्ल्स बोरोमिओ (१५३८-१५८४) हे मिलानचे आर्चबिशप. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये सेमिनऱ्या काढायचं ठरवलं, ते अमलात आणणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

धर्मगुरू व्हायला किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान शिकावं लागतं. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत. आधी डीकन, मग फादर. तोवर सगळे ‘ब्रदर’.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये या घडणीच्या चार बाजू सांगितल्या: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि लोकसेवेची. कागदावर त्या छान जुळतात. प्रत्यक्षात सकाळच्या तासाला ईश्वराच्या अस्तित्वावरचे आक्षेप वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी त्याच ईश्वरापुढे गुडघे टेकायचे! (हे आक्षेप अभ्यासक्रमातच असतात, हे विशेष.) शिवाय घरची भाषा एक, पुस्तकांची इंग्रजी, रविवारी चर्चमध्ये मराठी नाहीतर हिंदी. झगा खास प्रसंगी. एरवी साधा शर्ट-पँट.

ब्रह्मचर्याचं वचन डीकन होताना द्यायचं असतं. तोवर परतीची वाट मोकळी असते, आणि काहीजण परततातही.