कानात बोळे घातले तर?

लता मंगेशकरांचा जन्म 1929 मध्ये इंदूरला झाला. उस्ताद अमीर खाँही याच गावात वाढले. त्यांचे संथ, गंभीर गाणे ऐकायला कान शांत लागतो. माझी बहीण इंदूरला दिलेली, त्यामुळे बेळगावहून आमची ये-जा असते.

अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरणी कामगारांच्या झाँक्या निघतात. हुकुमचंद मिलने 1924 मध्ये ही प्रथा सुरू केली. मिल 1991 मध्ये बंद पडली, झाँक्या मात्र टिकल्या. त्या पाहायला भाचा मित्रांबरोबर गेला आणि रात्रभर डीजेच्या गाडीपुढे नाचला. सकाळी म्हणतो, "मामा, कान वाजतायत. जाईल संध्याकाळपर्यंत."

कान वाजायचे थांबतातही, आणि फसगत तिथेच होते. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. थोड्या गेल्या तर चटकन कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 100 डेसिबलचा मात्र जेमतेम 20 मिनिटे. डीजेसमोर तर रात्र जाते!

मुलांना हे ठाऊक नाही असे नाही. अलका याज्ञिक यांनी 2024 मध्ये आपल्याला ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या दुखण्याचे कारण विषाणूचे होते, पण मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून जपा, असे त्यांनी आवर्जून सांगितले. भाच्याने ते वाचले होते. "पण बोळे घातले तर मित्र म्हणतील, याला आमचं गाणं ऐकायचंच नाही," हे त्याचे उत्तर. त्याचेही खरेच. आपल्या भाषेत कानात बोळे घालणे म्हणजे मुद्दाम न ऐकणे! वास्तविक बोळ्यांनी गाणे बंद होत नाही, आवाज तेवढा उतरतो.

मध्य प्रदेश सरकारने डिसेंबर 2023 मध्ये भोंग्यांवर कडक आदेश काढला. पण हौसेने स्पीकरला खेटून उभ्या राहणाऱ्याला कोण हटकणार? आपल्या बेळगावच्या मिरवणुकीत तरी वेगळे काय? माझ्या सासूबाई कन्नड. गाडी दारात आली की नातवंडांना ओरडतात, "किवी मुच्चिको!" कान झाकून घे म्हणून. पोरे हसतात.

भाच्याच्या गटातला ताशा वाजवणारा मुलगा मात्र बोळे घालतो. त्याला कुणी हसत नाही, कारण तो वादक! बहिणीने औषधाच्या दुकानातून चार जोड्या आणून ठेवल्या आहेत. भाच्याने त्यातली एक खिशात टाकली आणि "बघू" म्हणाला.