नित्तनी ते सिंहगड : डोंगरातलं धावणं



डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जायची तिकिटं काढली की मुलांना सिंहगड दाखवायचा बेत बहुतेक घरांत ठरतोच. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. गड नुसता चढायचा नाही, तर पळत करायचा! सिंहगड-राजगड-तोरणा ही ट्रेकर मंडळींची जुनी वाट 'एसआरटी अल्ट्रा' या सुमारे ५३ किलोमीटरच्या शर्यतीमुळे धावणाऱ्यांनाही ठाऊक झाली आहे. तेव्हा डोंगरात धावणं म्हणजे नेमकं काय आणि त्याची तयारी इथे स्टेट कॉलेजमध्ये बसून कशी करता येईल, याबद्दल आम्ही थोडं सांगणार आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे डोंगरात अंतर फसवं असतं. आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची. गावात रोज तीन मैल पळणाऱ्याला वाटतं, हे काय, वीस मिनिटांचं काम! पण तेवढ्यात सुमारे दोन हजार फूट चढायचे असतात. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा हिशोब मांडला होता, तो आजही उपयोगी पडतो. चालताना दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. या हिशोबाने आतकरवाडीची वाट दीड तासाची होते. पळणारे अर्थातच कमी वेळात जातात, पण उभ्या चढावर तेही चालतातच. हात गुडघ्यांवर टेकवून, छोटी पावलं टाकत चालणं यात कमीपणा काही नाही. बोलताना धाप लागू लागली की पळणं थांबवायचं, एवढं साधं माप पुरे.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे उतार. चढ दमवतो, पण दुखणं देतो तो उतार. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेकचं काम करतात आणि त्यात त्यांना बारीक इजा होते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतो! रायगडाचा कडा रात्री उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना सांगतो. ती कडा 'चढली' असती तर गोष्ट एवढी थरारक झाली नसती, हे डोंगरात फिरणाऱ्याला लगेच पटेल.

सुदैवाने यावर उपाय सोपा आहे. स्नायूंना एकदा उताराची ओळख झाली की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी दुखवतो. ट्रेडमिलवर चढ वाढवून सराव केला तर दम वाढेल, पण उताराची ही ओळख होणार नाही. त्यासाठी आपल्या दाराशी माउंट नित्तनी आहेच! लेमॉंट गावापासून त्याचा माथा साधारण हजार फूट उंच, म्हणजे सिंहगडाच्या चढाच्या निम्मा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन-चार वेळा तो चढून सावकाश पळत उतरावं. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले आणि नजर पायांच्या चार-पाच फूट पुढे ठेवावी. शेवटचा सराव विमानाच्या दहा-बारा दिवस आधी संपवावा. ज्यांना लांब पळायचं आहे त्यांच्यासाठी रॉथरॉकचं जंगल आणि टसीची खडकाळ धार आहे.

इथे तीन गोष्टी मात्र सांभाळा. पानगळीत दगड पानांखाली लपतात. लाइम रोग पसरवणारी गोचीड इथे भरपूर, म्हणून घरी आल्यावर मुलांसकट सर्वांचं अंग तपासा. आणि थँक्सगिव्हिंगनंतर बंदुकीने हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, तेव्हा भडक केशरी जॅकेटशिवाय जंगलात जाऊ नका.

सह्याद्रीत गेल्यावर फरक जाणवेल तो मुरमाच्या घसाऱ्याचा, उन्हाचा आणि गावांचा. नित्तनीवर वाट झाडांतून जाते. सिंहगडावरून राजगडाकडे जाताना ती विंझर, गुंजवणे अशा गावांच्या शेतांतून आणि अंगणांसमोरून जाते. स्वित्झर्लंडमध्ये १९७४ पासून होणारी सिएर-झिनाल ही ३१ किलोमीटरची शर्यतही अशीच शांदोलँसारख्या डोंगरी गावातून जाते. या पायवाटा शर्यतीसाठी आखलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या आणि गुरांच्या जाण्या-येण्याने त्या पडल्या आहेत. तेव्हा गुरं दिसली की थांबा, डोक्यावर भारा घेतलेल्या मावशींना आधी वाट द्या, समोरच्याला 'राम राम' करा. उभ्या पिकातून शॉर्टकट नको. जेलची रिकामी पाकिटं खिशात घालून परत आणा. आणि गडावरचं पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही घेताना फार घासाघीस करू नका. ते सामान कुणीतरी कष्टाने वर आणलेलं असतं!

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी सिंहगडावर गाडीरस्ता आहे. तरुण मंडळींनी पायथ्याहून निघावं, सगळ्यांनी वर भेटावं. गुडघे किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

हिवाळा दाराशी येण्याआधी नित्तनीवर भेटूच.