धुरांड्याची तपासणी : घरमालकाची नजर आणि तिची मर्यादा

अमेरिकेच्या ईशान्य भागातील जुन्या घरांत, विशेषतः न्यू जर्सीसारख्या राज्यात जिथे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, दिवाणखान्यातील फायरप्लेस बहुधा शोभेची मानली जाते आणि तिच्यावरचे विटांचे धुरांडे घराच्या बाह्य रूपाचा एक भाग म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक धूर, उष्णता आणि विषारी वायू घराबाहेर नेण्याचे काम या धुरांड्यावर सोपवलेले असते. फायरप्लेस वर्षानुवर्षे पेटवली नसली, तरी तळघरातील गॅसचा वॉटर हीटर त्याच धुरांड्यातील दुसऱ्या नळीतून आपले वायू वर सोडत असण्याची शक्यता असते. म्हणूनच तेथील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ या संस्थेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार, वापर कमी असो वा अधिक, धुरांड्याची तपासणी वर्षातून एकदा व्हावी अशी अपेक्षा आहे.

धुरांड्याची रचना खालून वर पाहत गेल्यास सहज समजते. लाकडे जळतात त्या कोनाड्याच्या माथ्याशी डॅम्पर नावाची लोखंडी झडप असते आणि तिच्यावर निमुळता होत गेलेला धूरकक्ष असतो. तेथून जी उभी नळी छतापर्यंत जाते तिला फ्लू म्हणतात. या नळीला आतून भाजक्या मातीच्या तुकड्यांचे अस्तर असते. आतली आग आणि आम्ल विटांपर्यंत, आणि विटांपलीकडच्या लाकडी सांगाड्यापर्यंत, पोहोचू न देणे हे त्या अस्तराचे काम होय. फार जुन्या घरांत हे अस्तर मुळातच नसते, ही गोष्ट घर विकत घेताना क्वचितच कोणी विचारतो.

धोक्याचे मूळ मात्र विटांत नसून धुरात असते. लाकूड पूर्ण जळत नाही तेव्हा धुराबरोबर डांबरी द्रव्यांची वाफ आणि पाण्याची वाफ वर जाते, आणि नळीच्या भिंतींचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली असले की ती तेथेच थिजून चिकटते. या थराला क्रिओसोट म्हणतात. आरंभी तो काजळीसारखा भुसभुशीत असतो आणि ब्रशने सहज निघतो, पुढे त्याच्या कडक, चकचकीत खपल्या बनतात आणि अखेरीस नळीला आतून काळ्या काचेचा लेप दिल्यासारखा घट्ट थर तयार होतो, जो साध्या ब्रशला दाद देत नाही. ओले लाकूड आणि हवा रोखून मंद ठेवलेली आग ही या थराची दोन मुख्य कारणे होत. त्यामुळे जळणातील ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असावा, आणि त्यासाठी फोडलेली लाकडे किमान सहा महिने आडोशाला वाळवावीत, असे सांगितले जाते. रात्रभर ऊब राहावी म्हणून झडप जवळजवळ मिटून आग धुमसत ठेवणारा गृहस्थ काटकसर करत असतो खरा, पण त्या काटकसरीचा हिशेब नळीत साचत जातो.

हा थर पेटला की धुरांड्यातील तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. कधी मालगाडी जावी तसा घरघराट होतो आणि वरून ज्वाळा दिसतात, तर कधी आग नळीत मंदपणे जळून विझते आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. दुसरा प्रकार अधिक घातक म्हटला पाहिजे, कारण तडकलेल्या अस्तरामागचे लाकूड त्यानंतरच्या प्रत्येक आगीत थोडे थोडे तापत राहते आणि असे वारंवार तापलेले लाकूड पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ लागते.

घरमालकाने स्वतः करावयाची पाहणी जमिनीवरूनच करावी. फायरप्लेस पूर्ण थंड असली पाहिजे, आणि इथे हाताला थंड लागणे पुरेसे नाही, कारण राखेखालचा निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून घरापासून दूर ठेवावी, कागदी पिशवीत कधीही भरू नये. मग चष्मा, मास्क आणि हातमोजे घालून, डॅम्पर उघडून, जोरदार टॉर्चच्या उजेडात वर पाहावे. सळईच्या टोकाने भिंतीवर एक रेघ ओढली असता ती ३ मिलिमीटर खोल गेली, तर सफाईची वेळ झाली असे समजावे, आणि लेप चकाकणारा असेल तर जाडी मोजत न बसता फायरप्लेस वापरणे थांबवावे. वाकलेली झडप, फुगून जाळीदार झालेला क्रिओसोट आणि कोनाड्यात पडलेले मातीच्या अस्तराचे कपचे ही कधीतरी आग लागून गेल्याची चिन्हे असू शकतात.

बाहेरची पाहणी अंगणात उभे राहून दुर्बिणीने करता येते. विटांना लोणा लागून पांढरे डाग पडले आहेत काय, विटांचे पोपडे सुटले आहेत काय, दर्जांतील चुना-सिमेंट झडले आहे काय, माथ्यावरचे झाकण जागेवर आहे काय, हे तेवढ्याने कळते. झिरपलेले पाणी थंडीत गोठून फुगते आणि विटा फोडते, त्यामुळे पांढऱ्या डागांकडे रंगाची बाब म्हणून पाहू नये. शिडी लावून छतावर चढण्याचा मोह मात्र आवरलेलाच बरा. तिथून नळीचे वरचे एखाद-दोन फूटच नीट दिसतात, आणि तेवढ्यासाठी घसरून हाड मोडून घेण्यात शहाणपण नाही.

या पाहणीतून धुरांडे बिघडले आहे हे कळू शकते, परंतु ते निर्दोष आहे हे कळू शकत नाही, आणि व्यावसायिकाची गरज नेमकी इथे सुरू होते. उपरोक्त मानकाने तपासणीच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत. पहिली नेहमीची वार्षिक. दुसरी घर विकताना, जळण किंवा उपकरण बदलताना, अथवा आग, वादळ, भूकंप यांनंतर आवश्यक ठरते, आणि तीत नळीत कॅमेरा सोडून प्रत्येक सांधा पाहिला जातो व माळ्यावरून धुरांडे आणि लाकूड यांच्यातील अंतरही तपासले जाते. तिसऱ्या पातळीवर भिंतीचा भाग फोडावा लागतो, म्हणून गंभीर संशयाखेरीज ती कोणी सुचवत नाही. घर घेताना होणाऱ्या सर्वसाधारण पाहणीत ही दुसरी पातळी सहसा येत नाही, ती वेगळी मागून घ्यावी लागते.

गॅसच्या उपकरणांची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तिथे काजळी दिसत नाही. जुनी भट्टी काढून नवी कार्यक्षम भट्टी बसवली की तिचे वायू बहुधा प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडले जातात, आणि पूर्वी दोघांसाठी असलेल्या रुंद नळीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याची ऊब एवढी मोठी नळी तापवायला पुरत नाही, वाफ आतच थिजते, आम्लयुक्त पाणी अस्तर व सांधे खात जाते आणि ओढ मंदावली की कार्बन मोनॉक्साइड घरात परतू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. घरात सर्वांचेच डोके दुखणे आणि बाहेर पडताच बरे वाटणे ही खूण ओळखून घर सोडावे व आपत्कालीन मदत मागवावी. प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवाच.

माणूस निवडताना घाई करू नये, कारण बहुतेक राज्यांत धुरांडी साफ करणाऱ्यांना परवान्याची अट नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, ते पाहावे आणि विम्याचा पुरावा मागावा. फोनवर अत्यल्प दर सांगून आत शिरायचे आणि मग हजारो डॉलरचे नवे अस्तर ‘आजच’ बसवण्याचा आग्रह धरायचा, ही या धंद्यातील जुनी लबाडी आहे. दाखवलेले चित्रण आपल्याच नळीचे आहे याची खात्री कॅमेरा वर जात असताना शेजारी उभे राहून करता येते, आणि मोठ्या दुरुस्तीपूर्वी दुसऱ्याचे मत घेता येते.

पहिल्या थंडीबरोबर सर्वांनाच धुरांडे आठवते आणि मग आठवडेच्या आठवडे वेळ मिळत नाही, तेव्हा हंगाम संपताच, वसंताच्या सुरुवातीला, काम उरकावे. उशीर झाल्यास आणखी एक अडचण उभी राहते. ‘चिमनी स्विफ्ट’ नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेतून परतून उन्हाळ्यात अशाच नळ्यांत घरटी करतात, आणि १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्याचे त्यांना संरक्षण असल्यामुळे अंडी-पिल्ले असलेले घरटे हलवता येत नाही. अशा वेळी ते उडून जाईपर्यंत सफाई थांबवावी लागते.