घरातला आवाज – लेखांक 6 : वॅट सर्वांत शेवटी विचारा

स्पीकरची जोडी मागच्या आठवड्यात ठरली. आता अँप्लिफायर. दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती वॅटचा?’ तो शेवटी विचारावा. आधी स्पीकरची माहितीपत्रिका काढा.

तिच्यात 87 डेसिबल असा काहीतरी आकडा असतो. एक वॅट दिला की एक मीटरवर स्पीकर तेवढा आवाज देतो, हा त्याचा अर्थ. आता कोयनानगरच्या वसाहतीतली दहा बाय बारा फुटांची खोली धरू. ऐकणारा अडीच मीटरवर बसतो. तिथपर्यंत येताना आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो. स्पीकर दोन असल्याने तीन परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटला खुर्चीपाशी 84 च्या आसपास. रात्री निवांत ख्याल ऐकायला 70-75 डेसिबल पुरतात, म्हणजे अँप्लिफायर तेव्हा पाव वॅटही खर्चत नाही!

मग बाकीचे वॅट कशाला? ढोलकीच्या थापेसाठी. संगीतातल्या अशा उसळ्या सरासरीच्या 10-15 डेसिबल वर जातात आणि दर 10 डेसिबलला दहापट वॅट लागतात. दणक्यात लावलं आणि उसळी 100 वर गेली तर चाळीसेक वॅट हवेत. त्या खोलीला 50 वॅटचा अँप्लिफायर भरपूर झाला. 100 चा घेतला तर जास्तीचे मिळतात फक्त 3 डेसिबल. स्पीकर 84 डेसिबलचा असेल तर मात्र वॅट दुप्पट धरा. आणि पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॅट वाचूच नका; आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, विचारा.

खरी अडचण असते ओहमची, म्हणजे करंटला स्पीकर करतो त्या अडथळ्याची. ती कोयनेच्या पाण्यावरून समजून घेऊ. कोयनेचं पाणी सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजघराकडे 450 मीटरहून अधिक खाली उतरतं. ती उंची म्हणजे व्होल्टेज, पाण्याचा ओघ म्हणजे करंट. स्पीकर 8 ओहमचा 4 झाला की तोटी दुप्पट उघडली: उंची तीच, ओघ दुप्पट. मागे साठा भक्कम असेल तर 8 ओहमला 50 वॅट देणारा अँप्लिफायर 4 ला जवळपास 100 देतो. ट्रान्सफॉर्मर तोकडा असेल तर 60-65 वरच धापा टाकतो, तापतो, स्वतःला बंद करून घेतो. शिवाय 8 ओहम छापलेला स्पीकरही काही स्वरांना 4 च्या जवळ उतरतो. म्हणून माहितीपत्रिकेतला किमान ओहमचा आकडा बघा.

अँप्लिफायर कमी पडला की आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात आणि त्या कर्कश आवाजात उंच स्वरांचा छोटा, नाजूक स्पीकर, म्हणजे ट्विटर, जळतो. लहान अँप्लिफायर सुरक्षित, हा समज म्हणूनच फसवा आहे.

कोयनानगरला पावसाळ्यात आणखी एक पथ्य. वर्षाला 5000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ओलीने स्विच आणि जोडण्या काळवंडतात. अँप्लिफायर बंद कपाटात कोंडू नका, वर वीतभर जागा सोडा, वीज कडाडू लागली की प्लग काढा.

दुकानदाराकडून 4 ओहमचा आरएमएस आकडा लेखी घ्या. तो देता येत नसेल तर दुसरं दुकान गाठा. पुढच्या आठवड्यात स्पीकरच्या वायरी.