कृमींची तीन कुळे : मित्र कोणता, शत्रू कोणता?

जमिनीतून, शेणातून अथवा पाण्यातून वळवळत निघणाऱ्या प्रत्येक लांबट जीवाला आपण सरसकट 'किडा' अथवा 'जंत' म्हणतो. बोलीभाषेपुरते हे ठीक आहे. परंतु शेतीच्या व्यवहारात एवढ्यावर भागत नाही. गांडूळ हे जमिनीचा कस वाढविते, सूत्रकृमी पिकाच्या मुळांतील रस शोषतो आणि पर्णकृमी जनावराचे यकृत पोखरतो. तिघेही 'कृमी'च, पण त्यांची शरीररचना निराळी, राहण्याची जागा निराळी आणि म्हणून उपायही निराळे. ओळख चुकल्यास दोन प्रकारची हानी होते. शत्रू हाती लागत नाही, आणि त्याच्यासाठी खर्च केलेल्या विषाने मित्र मात्र मरतो. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या तीन कुळांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

शरीररचनेच्या पायऱ्या

पाठीचा कणा नसलेल्या साध्या प्राण्यांची मांडणी शास्त्रज्ञ त्यांच्या शरीररचनेवरून करतात. सर्वांत खालच्या पायरीवर स्पंज येतात. सर्वच स्पंज समुद्रात राहतात असे नाही. तळ्यातील व विहिरीतील बुडालेल्या दगडांवर अथवा लाकडांवर हिरवट किंवा तपकिरी रंगाचा खरखरीत थर कधीकधी आढळतो. तो गोड्या पाण्यातील स्पंज असू शकतो. मुंबई बेटावरील तळ्यांतील अशा स्पंजांचे सविस्तर वर्णन हेन्री जॉन कार्टर या डॉक्टरांनी 1849 साली प्रसिद्ध केले होते. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगावरील असंख्य छिद्रांतून पाणी आत घ्यावयाचे, त्यातील सूक्ष्म अन्नकण टिपावयाचे व पाणी बाहेर सोडावयाचे, एवढाच त्याचा व्यवहार.

त्याच्या वरच्या पायरीवर जलव्याल, म्हणजे हायड्रा, आणि समुद्रातील जेलीमासे व प्रवाळ येतात. यांचे शरीर मुख्यतः दोन थरांचे असून मध्ये पिशवीसारखी पोकळी असते. तोंडाभोवतीच्या बाहूंवर दंश करणाऱ्या पेशी असतात. अन्न ज्या तोंडाने आत जाते, त्याच तोंडाने उरलेला चोथा बाहेर टाकला जातो.

यानंतर कृमींची पायरी येते. येथे शरीराला प्रथमच पुढचे टोक व मागचे टोक, उजवी बाजू व डावी बाजू प्राप्त झाली. त्यामुळे एका दिशेने सरपटत जाऊन अन्न शोधणे शक्य झाले. या कृमींपैकी शेतीशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशी कुळे तीन : चपटे, गोल आणि वलयांकित.

चपटे कृमी : यकृतातील पर्णकृमी

चपट्या कृमींचे शरीर पानासारखे पातळ असते. त्यांच्या आतड्याला सामान्यतः एकच तोंड असते. पट्टकृमीला तर आतडेही नसते. तो यजमान प्राण्याच्या आतड्यातील तयार अन्नरस आपल्या त्वचेतूनच शोषून घेतो.

आपल्याकडील गाई, म्हशी, शेळ्या व मेंढ्या यांना पीडा देणारा चपटा कृमी म्हणजे यकृतातील पर्णकृमी. आपल्या देशात प्रामुख्याने आढळणारी त्याची जात सुमारे अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब वाढते. हा कृमी यकृतात व पित्तनलिकांत राहतो. जनावर खंगत जाते, दूध आटते, डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू पांढुरकी पडते आणि पुष्कळदा जबड्याखाली पाणी साचून सूज येते.

या कृमीचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. त्याची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. अशी अंडी पाण्यात गेली की त्यांतून सूक्ष्म अळी निघते व पाणगोगलगाईच्या शरीरात शिरते. तेथे एका अळीपासून शेकडो अळ्या निर्माण होतात. त्या बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर चिकटतात व स्वतःभोवती कवच करून राहतात. असे गवत जनावराने खाल्ले की कृमी पुन्हा यकृतात पोहोचतो. मेंढ्यांतील पर्णकृमीचा हा मार्ग इंग्लंडमध्ये थॉमस व जर्मनीत लॉइकार्ट या दोघांनी 1881 ते 1883 या काळात एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढला.

या प्रवासातील तीन कड्या आपल्या हातात आहेत. पहिली कडी शेण. ते पाणवठ्याजवळ पडू न देता खताच्या खड्ड्यात टाकावे. नीट कुजणाऱ्या खतातील उष्णतेने अंडी मरतात. दुसरी कडी गोगलगाय. डबकी बुजवावीत, पाण्याचा निचरा करावा. जेथे सोय असेल तेथे बदके पाळावीत, कारण ती गोगलगाई खातात. तिसरी कडी गवत. तळ्याच्या व ओढ्याच्या काठचे ओले गवत जनावरांना थेट चारू नये. जनावर आजारी पडल्यास मात्र शेणाची तपासणी करून पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध द्यावे. जंतांचे प्रत्येक औषध पर्णकृमीवर चालत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

गोल कृमी : पोटातील जंत व मुळांवरील सूत्रकृमी

गोल कृमींचे शरीर दोऱ्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते व वलयरहित असते. त्यांच्या आतड्याला पुढे तोंड व मागे गुदद्वार अशी दोन निराळी द्वारे असतात. वासरांच्या व रेडकांच्या पोटातील मोठे पांढरे जंत याच कुळातले. हे जंत आईच्या दुधावाटेही पिलाच्या पोटात येतात. म्हणून 'वासरू अजून चारा खात नाही, त्याला जंत कोठून होणार?' असे समजून स्वस्थ राहू नये. जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यात पशुवैद्यकाला विचारून जंतनाशकाची पहिली मात्रा द्यावी.

याच कुळातील पिकांचा शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी. इंग्लंडमध्ये बर्कली यांनी 1855 साली काचगृहातील काकडीच्या मुळांवर अशा गाठी प्रथम नोंदविल्या. भारतात 1901 साली बार्बर यांना दक्षिणेतील चहाच्या मळ्यात त्या आढळल्या. आज आपल्याकडे टोमॅटो, वांगी, भेंडी, वेलवर्गीय भाज्या, डाळिंब, पेरू व द्राक्ष या सर्वांना या कृमीचा उपद्रव होतो.

त्याची पिल्ले जेमतेम 0.4 मिलिमीटर लांबीची असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तोंडातील सुईसारख्या अवयवाने ती कोवळ्या मुळाच्या टोकाजवळ शिरतात व एका जागी स्थिर होतात. त्यांच्या लाळेमुळे मुळातील पेशी अवाजवी फुगतात व तेथे गाठ धरते. मादी नासपतीच्या आकाराची होऊन चिकट द्रवात सामान्यतः 200 ते 500 अंडी घालते. उबदार जमिनीत हे चक्र सुमारे 25 ते 30 दिवसांत पुरे होते. म्हणजे एकाच हंगामात अनेक पिढ्या तयार होतात. झाड भरपाण्यात असूनही दुपारी माना टाकते, पाने पिवळी पडतात, फळे लहान राहतात. शेतकरी पाणी वाढवितो, खत वाढवितो. परंतु दोष मुळात असल्याने खर्च वाया जातो. शिवाय जखमी मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते.

गाठ कोणती, हे कसे ओळखावे?

कडधान्यांच्या मुळांवरही गाठी असतात. त्या रायझोबियम जिवाणूंच्या असून हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. या उपकारक गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि बोटाने सहज सुटतात. कार्यक्षम गाठ चिरली असता आत गुलाबी अथवा तांबूस रंग दिसतो. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेले असते. ती ओढल्यास सुटत नाही, मूळ तुटते. टोमॅटो, वांगी किंवा डाळिंब यांच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येतच नाहीत. म्हणून या पिकांवर गाठी दिसल्या तर त्यांना शुभचिन्ह मानू नये. रोप उपटताना बारीक मुळे तुटून जमिनीत राहतात. यास्तव ते खुरप्याने मातीसकट उचलावे व मुळे पाण्यात हलकेच धुऊन पाहावीत.

सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षभरात जमिनीतून एखादे मीटरही क्वचितच सरकतो. त्याला गावोगाव नेणारे आपणच आहोत : रोपवाटिकेतील रोपांबरोबर, अवजारांना लागलेल्या मातीबरोबर व वाहत्या पाण्याबरोबर तो पसरतो. म्हणून नवी बाग लावताना रोपाची पिशवी फाडून काही रोपांची मुळे तपासणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी. गादीवाफे ओले करून त्यांवर पारदर्शक पॉलिथिनचा कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावा. निंबोळी पेंड मिसळावी. झेंडूचे आंतरपीक घ्यावे. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये या कृमीला मारक असतात. पीक निघाल्यावर गाठी असलेली मुळे शेतात न ठेवता गोळा करून नष्ट करावीत.

नारूचा धडा

कृमीची एक कडी तोडली असता काय साधते, याचे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. नारू हाही गोल कृमीच. महाराष्ट्रातील अनेक गावांत पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना तो होत असे. सुमारे एक मीटरपर्यंत लांब असणारी मादी माणसाच्या पायातून फोड पाडून बाहेर येई. ऐन पेरणीत अथवा काढणीत धडधाकट माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. या रोगावर लस नव्हती आणि कृमीला शरीरात मारील असे गुणकारी औषधही नव्हते. परंतु त्याची पिल्ले सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवात वाढतात व तो जीव पाण्याबरोबर पोटात गेला तरच रोग होतो, हे कळले होते. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरीऐवजी हातपंपाचे पाणी पुरविणे आणि पाण्यातील सायक्लॉप्स मारणे, एवढ्याच साधनांनी 1983-84 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. देशातील शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. घरोघर फडके पोहोचविणाऱ्या व गावोगाव रोगी शोधणाऱ्या सामान्य कार्यकर्त्यांचा या यशात मोठा वाटा आहे.

वलयांकित कृमी : गांडूळ

तिसऱ्या कुळातील गांडुळाचे शरीर एकामागून एक जोडलेल्या वलयांचे असते. बहुतेक वलयांवर बारीक ताठ केस असून त्यांच्या आधाराने ते मातीत पुढे सरकते. त्याला फुप्फुसे नाहीत. ओलसर त्वचेतूनच ते श्वसन करते. त्वचा कोरडी पडली की ते गुदमरते. म्हणून उघड्या, तापलेल्या जमिनीच्या वरच्या थरात ते टिकत नाही व आच्छादनाखाली मात्र वाढते. गांडूळ तोडल्यास दोन गांडुळे होतात, हा समज चुकीचा आहे. पुढच्या भागाला कधीकधी नवी शेपूट फुटते. पण मागचा तुकडा मरतो.

गांडूळ पालापाचोळा व माती खाऊन विष्ठेच्या रूपाने बाहेर टाकते. या विष्ठेत पिकाला घेता येतील अशा स्थितीतील अन्नद्रव्ये भोवतालच्या मातीपेक्षा अधिक असतात. त्याच्या बिळांतून पाणी मुरते व मुळांना हवा मिळते. चार्ल्स डार्विन यांनी 1881 साली गांडुळांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा हिशेब होता. एवढी मशागत मजुरी न देता होते!

या मजुराला आपण तीन प्रकारे मारतो : पाचट व काडीकचरा जाळून, मोरचुदासारखी तांबेयुक्त द्रव्ये वर्षानुवर्षे जमिनीत साचवून, आणि सूत्रकृमीसाठी जहाल दाणेदार विषे अंदाजाने टाकून. कार्बोफ्युरानसारखी विषे गांडुळांनाही घातक आहेत. म्हणून प्रथम मुळे तपासावीत, माती प्रयोगशाळेत पाठवावी. आणि रासायनिक औषध वापरणे अटळच ठरले तर त्या पिकासाठी नोंदणी असलेले औषध शिफारशीच्याच मात्रेत वापरावे.

गावपातळीवर करावयाची कामे

1. ग्रामसभेत अथवा शिवारफेरीत सूत्रकृमीच्या गाठी असलेले टोमॅटोचे मूळ व रायझोबियमच्या गाठी असलेले हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे मूळ शेजारी ठेवून फरक दाखवावा.

2. रोपे खरेदी करण्यापूर्वी मुळे तपासण्याची सवय बागायतदारांना लावावी.

3. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जनावरांचे शेण तपासून घेण्याची व्यवस्था पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने करावी.

4. पाणवठ्याभोवतीचे शेण हलवून डबक्यांचा निचरा करण्याचे काम श्रमदानाने घ्यावे.

5. पाऊस झाल्यावर वाफशाच्या वेळी शेतात एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा घेऊन गांडुळे मोजावीत व संख्या वहीत नोंदवावी. दरवर्षी त्याच जागी, त्याच काळात मोजणी केल्यास जमीन सुधारते आहे की बिघडते आहे, हे शेतकऱ्याला स्वतःच कळेल.

या कामांना लागणारी साधने म्हणजे एक खुरपे, एक बादली पाणी व एक वही. येत्या हंगामात औषधाच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने निदान चार रोपांची मुळे धुऊन पाहावीत.